फॉरमॅट मारण्याआधी थांबा: रिझॉल्व्हमधलं काम डी ड्राइव्हवर नसतं

ताई, बाकीचं सगळं नंतर. रविवारी भाचा लॅपटॉप फॉरमॅट करून देणार आहे असं तुम्ही लिहिलंय, ते आधी थांबवा. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

तुमची अडचण मला समजली ती अशी: डाविंची रिझॉल्व्ह हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर पुस्तकावरून शिकताय. पाच धडे झाले, पुस्तकासोबत मिळालेल्या क्लिपांवर सगळं छान जमलं. मग वाशीच्या भावे नाट्यगृहातल्या लेकीच्या कथकचे मोबाइलवर घेतलेले व्हिडिओ टाकले, तर पाऊल आणि घुंगरू यांचा मेळ बसेना. त्यात लॅपटॉप अडकत अडकत चालायला लागला. म्हणून आता सी ड्राइव्ह फॉरमॅट करायचा, आणि 'सगळे व्हिडिओ डी ला आहेत, त्यामुळे चिंता नाही'.

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. काही वर्षांपूर्वी हेच वाक्य मी एका काउंटरसमोर उभा राहून म्हटलं होतं, जवळजवळ शब्द न् शब्द.

आधी सांगतो, मी व्यावसायिक एडिटर नाही. ठाण्यात नोकरी करतो, शिकलो ते रात्री जेवणं झाल्यावर, पुस्तक समोर ठेवून. खाली लिहितोय ते विंडोजवरच्या फुकट आवृत्तीच्या अनुभवावरून. कट कसा मारायचा, क्लिप कशी ओढायची हे तुम्हाला येतंच, त्यात जात नाही.

आमच्या आईच्या भजनी मंडळाला तेव्हा पंचवीस वर्षं होत होती. पाचपाखाडीतल्या बायकांचं मंडळ, दर एकादशीला कोणाच्या तरी घरी भजन. आषाढीला सगळ्यांना दाखवायची म्हणून मी त्यांची फिल्म करायला घेतली. जुन्या फोटोंचे अल्बम, मुलाखती, दोन कार्यक्रमांचं मोबाइलवरचं चित्रण. रिझॉल्व्ह बनवणाऱ्या ब्लॅकमॅजिक कंपनीच्या वेबसाइटवर ट्रेनिंगची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, धड्यांच्या क्लिपाही तिथेच मिळतात. त्यातलं एक उतरवून घेतलं, गोखले रोडवर झेरॉक्सवाल्याकडे छापून स्पायरल मारून घेतलं आणि फेब्रुवारीपासून रोज रात्री दीड-दोन तास बसलो. जूनपर्यंत अडतीस मिनिटांची फिल्म टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीवर, उभी राहिली होती. रंग, आवाज, नावं, सगळं. फक्त रेंडर करायची, म्हणजे तिची तयार व्हिडिओ फाइल काढायची राहिली होती.

आणि लॅपटॉप थकला. तुमच्यासारखाच.

स्टेशनजवळच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये नेला. (नाव लिहित नाही, विचारूही नका.) काउंटरवरच्या मुलाने दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, विंडोज नव्याने टाकायला लागेल. मी विचारलं, डेटाचं काय? तो म्हणाला, "काम कुठे ठेवता?" मी म्हटलं, सगळे व्हिडिओ डी ला आहेत. "मग काय साहेब, डी ला हात लावणार नाही. सी फक्त उडवणार." मी जॉबशीटवर सही केली. दोन दिवसांनी लॅपटॉप घरी आणला, रिझॉल्व्ह पुन्हा उतरवून टाकलं, उघडलं. प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये, म्हणजे सगळे प्रोजेक्ट दिसतात त्या पडद्यावर, एकच राखाडी चौकोन होता. त्याखाली लिहिलेलं, 'अनटायटल्ड प्रोजेक्ट'.

डी ड्राइव्ह उघडून पाहिला. एकूण एक क्लिप जागच्या जागी. आईच्या मुलाखतीची, टाळ-मृदंगाची, सगळी. मला पाच मिनिटं कळेचना की मग गेलं काय.

गेलं होतं ते एडिटिंग. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट म्हणजे वर्ड किंवा एक्सेलसारखी डोळ्यांसमोर दिसणारी फाइल नसते. अडोबीच्या प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही स्वतः एक फाइल एखाद्या फोल्डरात सेव्ह करता, म्हणून ती कुठे आहे हे तुम्हाला ठाऊक असतं. रिझॉल्व्ह सगळे प्रोजेक्ट स्वतःच्या एका डेटाबेसमध्ये ठेवतं. ही जागा तुम्ही मुद्दाम बदलली नसेल, तर ती सी ड्राइव्हवर एका लपवलेल्या फोल्डरात असते. तुमचे व्हिडिओ डी ला, पण कोणता तुकडा कुठे कापला, कशाला कोणता रंग दिला, कुठे आवाज कमी केला, ही चार महिन्यांची सगळी नोंद सी ला.

हे पुस्तकात नव्हतं का? होतं. 'डेटाबेस' हा शब्द पहिल्या धड्यातच होता, दोन ओळींत. पण मी शिकलो तेव्हा पुस्तक एका आवृत्तीचं आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या. आवृत्ती 18 पासून त्याच गोष्टीला 'प्रोजेक्ट लायब्ररी' म्हणतात. पुस्तकातला शब्द पडद्यावर सापडला नाही, मी तो परिच्छेद ओलांडून पुढे गेलो. दुसरं म्हणजे यात लाइव्ह सेव्ह आपोआप चालू असतं. केलेला प्रत्येक बदल तिथल्या तिथे जतन होतो. सोय उत्तम आहे, पण त्यामुळे कंट्रोल एस दाबून 'कुठे सेव्ह करू?' या प्रश्नाला सामोरं जायची वेळच कधी येत नाही. चार महिन्यांत एकदाही मी स्वतःला विचारलं नाही की हे नेमकं जातंय कुठे.

सर्व्हिस सेंटरमध्ये परत गेलो. त्याच मुलाने जॉबशीट पुढे केली, खालच्या बारीक अक्षरातल्या ओळीवर बोट ठेवलं: डेटाची जबाबदारी ग्राहकाची. मॅनेजरला भेटायचंय म्हटलं तर ते उद्या येतील. उद्या गेलो तर परवा. तिसऱ्या दिवशी मॅनेजर भेटले आणि म्हणाले, "तुम्हीच सांगितलंत ना डेटा डी ला आहे म्हणून?" मला राग आला तो या वाक्याचा, आणि अजून येतो. मी ग्राहक आहे, मला माहीत नसणारच. फॉरमॅट मारणं हा ज्यांचा रोजचा धंदा, त्यांनी एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे, की कोणती सॉफ्टवेअर वापरता? टॅलीवाला असो, फोटोवाला असो, एडिटिंगवाला असो, प्रत्येकाचं काहीतरी सी ला असतंच. हा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं. तो न विचारता बारीक अक्षरात सही घेऊन मोकळं होणं याला मी सेवा म्हणत नाही.

परत मिळवायचा प्रयत्न केला का? केला. पण माझ्या लॅपटॉपमध्ये एसएसडी होती. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर पुसलेला डेटा त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत बऱ्याचदा शिल्लक असतो, उकरून काढता येतो. एसएसडीमध्ये ट्रिम नावाची सोय असते, ती पुसलेली जागा लगेच खरोखरच रिकामी करायला घेते. त्यात वरून नवीन विंडोज बसलेलं. दोघा जाणकारांनी बघून नाही म्हणून सांगितलं.

आईला सांगताना माझाच आवाज बसला होता. ती म्हणाली, "पुन्हा कर. मी बसते शेजारी." आणि खरंच बसली. कोणता अभंग कोणत्या साली कोणी म्हटला ते ती सांगायची, मी कापायचो. आषाढी हुकली. कार्तिकीला बारा मिनिटांची फिल्म दाखवली. तोवर मंडळातल्या एक मावशी, ज्यांचा आवाज त्यात सगळ्यात जास्त आहे, मुलाकडे बंगळुरूला राहायला गेल्या होत्या. त्यांना फोनवर पाठवली. समोर बसून पाहताना त्यांचा चेहरा बघायचा होता, ते राहून गेलं.

असो. आता तुमचं काम.

रिझॉल्व्ह उघडा. खाली उजव्या कोपऱ्यात घराचं चिन्ह आहे, त्यावर क्लिक केलं की प्रोजेक्ट मॅनेजर उघडतो. तुमच्या प्रोजेक्टवर राइट क्लिक करा, 'एक्सपोर्ट प्रोजेक्ट' निवडा. डीआरपी अशी शेपटी असलेली छोटी फाइल तयार होईल. ती पेनड्राइव्हवर ठेवा आणि स्वतःला ईमेलही करा, आकाराने लहानच असते. यात व्हिडिओ नसतात, फक्त एडिटिंगची नोंद असते, आणि नेमकी तीच तुम्हाला वाचवायची आहे. व्हिडिओंसकट सगळं एकत्र हवं असेल तर तिथेच 'एक्सपोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह' आहे, पण त्याला बाहेरची हार्डडिस्क लागेल. शिवाय प्रेफरन्सेसच्या 'यूजर' विभागात 'प्रोजेक्ट सेव्ह अँड लोड' आहे, तिथे प्रोजेक्ट बॅकअप चालू करा आणि बॅकअपची जागा सी सोडून दुसरी द्या. माझ्या मते ही गोष्ट पुस्तकाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात हवी. लिहिणाऱ्यांना ती उघड वाटत असेल, नवशिक्याला नसते.

आणि मुळात फॉरमॅटची गरज आहे का? मला शंका आहे. लॅपटॉप अडकतोय त्याचं कारण बहुधा मोबाइलच्या क्लिपा. मोबाइल जागा वाचवण्यासाठी प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, पूर्ण साठवत नाही. मधल्या फ्रेममध्ये आधीच्या-नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच ठेवतो. बघताना अडचण येत नाही, पण एडिटिंग करताना तुम्ही मागेपुढे करता तेव्हा प्रत्येक वेळी प्रोसेसरला शेजारच्या फ्रेम उलगडून चित्र नव्याने बांधावं लागतं. पुस्तकासोबतच्या क्लिपा निवडून, नीट करून दिलेल्या असतात, त्या सुरळीत पळतात. तेव्हा आधी मीडिया पूलमध्ये, म्हणजे आणलेल्या क्लिपा दिसतात तिथे, क्लिपांवर राइट क्लिक करून प्रॉक्सी तयार करा. प्रॉक्सी म्हणजे त्याच क्लिपेची हलकी प्रत. काम हलक्या प्रतीवर होतं, शेवटचं रेंडर मूळ क्लिपेवरून करता येतं. प्लेबॅक मेनूतून जुनी रेंडर कॅशे, म्हणजे रिझॉल्व्हने साठवलेल्या तात्पुरत्या फाइली, साफ करा, माझ्याकडे तिने कित्येक जीबी खाल्ले होते. एवढं करूनही अडकला तर रॅम बघा. कंपनीच विंडोजसाठी 16 जीबी सांगते, आठवर रडत रडत चालतं.

घुंगरांचं दुखणं वेगळं. आमच्याकडे टाळांचं तसंच झालं होतं. सुरुवातीला ठीक, मग दहाव्या मिनिटाला टाळ एकमेकांवर आपटलेले दिसायचे आणि 'छन्' त्यानंतर यायचा. विसाव्या मिनिटाला तर मंडळ भलत्याच तालात गातंय असं वाटायचं. मी आधी आवाज सरकवून सरकवून जुळवत बसलो, त्यात आठवडा घालवला. तसं करू नका. बहुतेक मोबाइल एकाच वेगाने चित्रण करत नाहीत. सेकंदाला 30 फ्रेम म्हणतात (यालाच फ्रेमरेट म्हणतात), पण अंधार-उजेडाप्रमाणे कधी 29, कधी 24 असं खालीवर होतं. आवाज मात्र एका लयीत नोंदला जातो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला ठरलेला वेग लागतो, म्हणून दोघांची फारकत होते. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घ्या. त्यात क्लिप उघडून 'व्हिडिओ' टॅबमध्ये फ्रेमरेट 30 आणि 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा, क्वालिटी जरा चढी ठेवा आणि नवी प्रत बनवा. एडिटिंगला ती प्रत वापरा. मूळ क्लिप मात्र पुसू नका.

टाइमलाइनचा फ्रेमरेटही पहिल्यांदाच ठरवा. पुस्तकात 24 दिसेल, कारण ते सिनेमाच्या हिशेबाने लिहिलेलं असतं. तुमच्या क्लिपा 30 च्या असतील तर 30 ठेवा. टाइमलाइन तयार झाल्यावर तिचा फ्रेमरेट बदलता येत नाही, नवीनच करावी लागते. पहिली क्लिप टाकताना रिझॉल्व्ह विचारतं की प्रोजेक्टचा फ्रेमरेट क्लिपेप्रमाणे बदलू का. ती चौकट वाचून उत्तर द्या.

आणखी एक, इतर पालकांकडून व्हिडिओ मागवणार असाल तर व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नुसता व्हिडिओ म्हणून आला तर तो पिळून येतो, स्टेजवरच्या अंधारात चेहरा ओळखू येत नाही.

मराठी नावांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लवकरच अडेल म्हणून सांगतो. टायटलमध्ये जोडाक्षरं किंवा रफार फुटला तर झगडत बसू नका. दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नावं लिहून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी चित्रफाइल करा आणि चित्र म्हणून टाइमलाइनवर ठेवा. मुक्त किंवा बालू हे मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे फॉन्ट फुकट आहेत आणि पडद्यावर स्वच्छ दिसतात. आमच्या मंडळाच्या बायकांची नावं मी अशीच दिली. कोणी प्रीमिअर वापरत असेल तर त्यात प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' हे टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं.

पुस्तक सोडू नका, एवढं आग्रहाने सांगेन. व्हिडिओ पाहून शिकताना आपण नुसतं मान डोलावतो, पुस्तक हाताने करायला लावतं. फक्त प्रत्येक धडा दोनदा करा, आधी त्यांच्या क्लिपांवर आणि लगेच स्वतःच्या मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या क्लिपेवर. जे मोडायचं ते त्या दोन मिनिटांत मोडून जाईल.

आता रविवारचं. भाचा येईलच, तर त्याला त्याचा लॅपटॉप घेऊन यायला सांगा. त्यावर रिझॉल्व्हची तुमच्याचइतकी किंवा तुमच्याहून नवी आवृत्ती हवी, जुनीत तुमची फाइल उघडणार नाही. तुमची डीआरपी फाइल त्यावर इम्पोर्ट करा. क्लिपा तिथे नसल्यामुळे सगळीकडे लाल 'मीडिया ऑफलाइन' दिसेल, त्याने घाबरू नका. टाइमलाइनवर तुमचे कट जागच्या जागी आहेत का तेवढं मोजून बघा. असतील तर मग लॅपटॉप त्याच्या हातात द्या.