होडीचा नांगर: 'लंगर' म्हणावं का, आणि तो 'सुरक्षित' करता येतो का?

प्रश्न असा आहे: नदीत आणि खाडीत चालवायच्या लहान होडीसाठी सूचना मराठीत लिहायच्या आहेत. अँकरला 'नांगर' लिहिलं तर शेतातला नांगर डोळ्यांपुढे येईल, मग 'लंगर' लिहावं का? आणि मूळ इंग्रजी पत्रकातल्या 'सिक्युअर द अँकर'साठी 'नांगर सुरक्षित करा' चालेल का?

नांगरच लिहा. होडीत बसलेल्या माणसाला नांगर म्हटल्यावर बैल आठवत नाहीत. लंगर म्हटलं तर मात्र गुरुद्वारातली पंगत आठवेल. तोही शब्द फारसीच, आणि त्या भाषेत त्याचे दोन्ही अर्थ आहेत.

शेतातला नांगर संस्कृत 'लाङ्गल'वरून आला. हा शब्द ऋग्वेदापासूनचा आहे, आणि बलरामाला 'लाङ्गली' म्हणतात ते त्यावरूनच. सुरुवातीच्या ल चा न होणं आपल्याकडे नवं नाही. 'ललाट'चं प्राकृतात 'णिडाल' झालं आणि मराठीत 'निढळ'. निढळाचा घाम तो हाच, कपाळावरचा. पाण्यातला नांगर आला फारसी 'लंगर'वरून. हिंदी आणि गुजराती लोकांनी तो जसाच्या तसा ठेवला, कारण शेतीसाठी त्यांच्याकडे 'हल', 'हळ' होतं. गंमत पुढे आहे. बंगालीत शेतातला 'लाङल' आणि पाण्यातला 'नोङर'. तेलुगूत बरोबर उलटं: शेतात 'नागलि', पाण्यात 'लंगरु'. तमिळ 'नंगूरम्'मध्येही न च आहे. मराठीत दोन्हीकडे न आला आणि दोन वेगळ्या घरचे शब्द एका नावाने नांदू लागले. काही जण दोन्हींचं मूळ एकच मानतात. मला ते पटत नाही, पण मराठी माणसाच्या कानाला ते एकच वाटले असणार, यात शंका नाही. दोन्ही जमिनीत घुसतात.

क्रियापदही एकच आहे, 'नांगरणे'. शेत नांगरतात, होडी नांगरतात. फरक इतकाच की शेतातला नांगर चालला पाहिजे आणि होडीचा चालता कामा नये. 'घरादारावर नांगर फिरवला' यातला नांगर अर्थातच शेताचा. 'नांगरट' मात्र फक्त जमिनीची होते, होडीची होत नाही. आणि दोर नांगरू नका. दोर बांधतात, सोडतात, आवळतात.

आता 'सुरक्षित करा'. हे शब्द पत्रकातून काढूनच टाका. सुरक्षित माणसं असतात, ठेवी असतात. होडीत या एका सूचनेत तीन वेगळी कामं दडलेली आहेत आणि मराठीत तिन्हींना वेगळी क्रियापदं आहेत.

होडी चालू असताना नांगर घरंगळू नये, कुणाच्या पायावर येऊ नये, म्हणून तो 'जागेवर आवळून ठेवा'. पाण्यात टाकण्याआधी 'दोराचं दुसरं टोक होडीला बांधलंय ना, ते बघा'. हे वाक्य ठळक अक्षरांत छापा, कारण नांगर दिमाखात भिरकावल्यावर मागोमाग अख्खा दोर पाण्यात जाताना पाहणं ही नवशिक्यांची ठरलेली करमणूक आहे. नांगर आणि साखळी जोडणाऱ्या शॅकलची पिन हेलकाव्यांनी फिरून निघते, तीही तारेने आवळायची. तिसरं काम नांगर टाकल्यानंतरचं: 'नांगर धरला का, ते बघा'. काठावरचं एखादं झाड आणि त्यामागचा खांब एका रेषेत धरून पाहायचे. ती रेष सरकत राहिली तर नांगर घसरतोय.

नांगर धरतो तो केवळ वजनाने नव्हे. दोराची ओढ आडवी असली की फाळ तळात रुततो, ओढ उभी झाली की उपटला जातो. म्हणून दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडतात आणि नांगराजवळ थोडी साखळी लावतात. तिच्या भाराने ओढ आडवी राहते. ओहोटीला दोन मीटर पाणी आहे म्हणून दहा मीटर दोर सोडला आणि भरतीने आणखी दोन मीटर पाणी चढलं, तर हिशेब अडीच पटीवर आला. खाडीत नांगरताना खोली भरतीची धरायची, उधाणाच्या दिवसांत तर नक्कीच. त्यात भरती-ओहोटीबरोबर ओढ फिरते, होडी उलट दिशेला वळते आणि नांगराला नव्याने रुतावं लागतं. या सोडलेल्या दोराला इंग्रजीत 'स्कोप' म्हणतात. मराठीत 'सोड' म्हणावं असं मला वाटतं, पण सूचनेत 'दोर सैल सोडा' एवढंही पुरे.

आणखी एका शब्दापाशी अडाल. पत्रकात 'प्लाउ अँकर' असेल. 1933 साली इंग्लंडमध्ये जी. आय. टेलर या गणितज्ञाने नांगराच्या फाळासारख्या आकाराचा अँकर काढला, त्याचा हा प्रकार. शब्दशः गेलात तर 'नांगर नांगर' होईल! 'फाळाचा नांगर' लिहा. चार नख्यांचा ग्रॅपनेल असेल तर 'चौनखी नांगर' लगेच कळेल.

'बाउ'साठी 'नाळ' लिहा, आणि शंका वाटली तर पहिल्यांदा 'होडीचं पुढचं टोक' अशी फोड करा. वाहत्या पाण्यात होडी नाळेकडूनच नांगरायची. मागून नांगरली तर बोथट पिछाडीवर पाणी आदळून आत येतं. ही सूचना तुमच्या मसुद्यात 'अँकर स्टर्नला सुरक्षित करणे टाळावे' अशी आहे. 'वाहत्या पाण्यात होडी मागून नांगरू नका, बुडेल' असं लिहा.