आयरिश संगीतात पीएच.डी.: आधी प्रश्न, मग शिष्यवृत्ती

सप्रेम आशीर्वाद.

तुझा संशोधनप्रस्ताव वाचला. आयरिश पारंपरिक संगीताची तुला मनापासून ओढ आहे, हे त्यातून स्पष्ट दिसते. परंतु ‘आयरिश संगीत आणि जागतिकीकरण’ हा विषय चार वर्षांत कोणाच्याही आवाक्यात येणारा नाही आणि परीक्षकांना ते पहिल्याच परिच्छेदात कळेल.

त्याऐवजी आयर्लंडच्या पश्चिमेकडील क्लेअर ही एकच काउंटी (जिल्हा) घे. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नृत्यासाठी परवाना सक्तीचा झाला, घरोघरी स्वयंपाकघरांत रंगणारे नाच मागे पडत गेले आणि मोठ्या सभागृहांत केली बँड, म्हणजे सामूहिक नाचासाठी पारंपरिक चाली एकत्र वाजवणारे वाद्यवृंद, वाजू लागले. तिथला टुला केली बँड १९४६ चा. एकटा बासरीवादक रीळ ही जलद नृत्यधून वाजवताना लांब स्वरावर ‘रोल’ घेतो, म्हणजे मूळ स्वराला धरून वरच्या आणि खालच्या स्वराला ओझरता स्पर्श करतो. आठ-दहा वाद्ये एकत्र वाजत असताना या हरकतीचे काय होते? या प्रश्नाचे उत्तर ध्वनिमुद्रणे ऐकून शोधता येते. डब्लिनमधील आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्ह त्यासाठीच आहे. शिवाय लोकसंगीताचे संग्राहक शेमस एनिस यांनी १९४० च्या दशकात गावोगाव फिरून टिपून घेतलेल्या चाली युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या राष्ट्रीय लोकसाहित्य संग्रहात आहेत. लोकप्रिय संगीताकडे तुझा कल असेल, तर पुढच्या काळात नृत्यगृहे गाजवणाऱ्या शोबँडचा, म्हणजे लोकप्रिय गाणी वाजवणाऱ्या नाचाच्या बँडचा, अभ्यासही याच वाटेने करता येईल, आणि माझ्या मते तिथे नव्या संशोधकाला अधिक वाव आहे.

आता पैशांविषयी. रिसर्च आयर्लंड या संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेची शासकीय शिष्यवृत्ती २०२५ पासून वर्षाला २५,००० युरो विद्यावेतन देते आणि शुल्कापोटी कमाल ५,७५० युरो. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांचे शुल्क बहुधा याहून बरेच अधिक असते, म्हणून उरलेली रक्कम विद्यापीठ माफ करणार का, हे अर्जापूर्वी लेखी विचारून घे. डब्लिनचे घरभाडेही जबर आहे. लिमरिक विद्यापीठातील, संगीतकार मिहॉल ओ सुलवॉन यांनी १९९४ मध्ये उभारलेल्या आयरिश वर्ल्ड अकॅडमी या संगीत-नृत्य संस्थेचा विचार त्यासाठीही करावा, असे मला वाटते.

अर्जाची मुदत साधारणपणे ऑक्टोबरमध्ये संपते आणि मार्गदर्शकालाही स्वतंत्र अर्ज भरावा लागतो. त्यामुळे उन्हाळ्यातच त्यांना पत्र लिही. मात्र त्याआधी कोणती ध्वनिमुद्रणे ऐकणार आहेस, त्यांच्या नावांसह नवा प्रस्ताव मला पाठव.