मांडणशिल्पात बाई दिसतच नाही, मग स्त्रीत्व कुठे असतं?

तुमचा प्रश्न असा: कलादालनात मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) म्हणून पलंग, धागे, केस असलं काहीतरी मांडलेलं असतं, शेजारच्या पाटीवर 'स्त्रीत्व' आणि 'स्व-ओळख' लिहिलेलं असतं, पण बाई कुठेच दिसत नाही. पुरुष असल्यामुळे आपल्याला कळत नसेल का, हेही तुम्ही विचारलंय.

बाई दिसत नाही, हे बहुतेक वेळा मुद्दाम केलेलं असतं. युरोपीय चित्रकलेत ती शेकडो वर्षं बघितली जाण्यासाठीच होती: पहुडलेली, न्हाणारी, आरशासमोर बसलेली. मांडणशिल्प करणाऱ्या अनेक कलावंत स्त्रियांनी ते शरीरच उचलून बाजूला केलं आणि त्याच्या खुणा तेवढ्या ठेवल्या. ट्रेसी एमिनचं 'माय बेड' (१९९८) घ्या. चुरगळलेल्या चादरी, रिकाम्या बाटल्या, सिगारेटची थोटकं, डाग पडलेले कपडे. ती स्वतः त्या पलंगावर असती तर आपण तिचं रूप न्याहाळलं असतं. आता न्याहाळायला कुणी नाही, आणि तिचे वाईट दिवस मात्र समोर पसरलेत.

माझं सगळ्यात आवडतं काम जनीन अँटोनीचं 'नॉ' (म्हणजे 'कुरतडणं', १९९२). सुमारे २७० किलो चॉकलेटचा एक ठोकळा आणि तेवढ्याच वजनाचा चरबीचा दुसरा. छिन्नीऐवजी तिने दात वापरले, कडा कुरतडल्या, आणि तोंडातला ऐवज गिळला नाही. थुंकलेल्या चॉकलेटपासून भेटीच्या खोक्यात असतात तसे हृदयाच्या आकाराचे ट्रे केले. चरबीत रंग आणि मेण घालून लिपस्टिक केल्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात असतात तशा काचेच्या कपाटात मांडल्या. भूक, वजनाची धास्ती, प्रेमाची भेट, नटणं हे सगळं एकाच तोंडातून गेलंय. दातांचे वण बघितले की पाटी वाचायची गरजच उरत नाही.

शीला गौडा यांचं 'अँड टेल हिम ऑफ माय पेन' ('आणि त्याला माझी वेदना सांग') असंच. सुयांमधून ओवलेले दोरे एकत्र करून, कुंकवाने माखून केलेले लांबलचक लाल दोरखंड दालनभर लोंबतात. आधी आतडी आठवतात, मग त्यामागची मेहनत जाणवते.

उलट, जूडी शिकागोच्या गाजलेल्या 'द डिनर पार्टी'बद्दल (१९७४ ते ७९) माझं मत जरा कडू आहे. त्रिकोणी टेबलावर इतिहासातल्या ३९ स्त्रियांची ताटं आहेत. भरतकाम आणि चिनी मातीवरची चित्रकारी यांना तिने संग्रहालयात मान मिळवून दिला, हे खरंच. पण बहुतेक ताटांवर योनीची आठवण देणारा आकार, आणि त्या पंगतीतल्या एकमेव आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीच्या, गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या सोजर्नर ट्रूथच्या, ताटावर मात्र चेहरे. कृष्णवर्णीय लेखिकांनी यावर टीका केली आणि ती मला पटते. सगळ्याजणींची ओळख एकाच अवयवात शोधायला निघालं की असं होतं.

आता तुमची पुरुष असण्याची शंका. मोना हातूमच्या 'कोर एत्राँजे'त ('परकं शरीर', १९९४) तुम्ही एका गोल कक्षात शिरता. जमिनीवर तिच्याच शरीरात सोडलेल्या कॅमेऱ्याची चित्रफीत चालू असते, श्वासाचे आणि ठोक्यांचे आवाज येत असतात. अन्ननलिका, आतडी, ओल्या भिंती. ते आतडं बाईचं की पुरुषाचं, ओळखून दाखवा.