पीबीआर३२२ या नावातला ‘पी’ आणि ३२२ म्हणजे काय? अशी नावं कोण ठरवतं?

‘पी’ म्हणजे प्लाझ्मिड (जिवाणूत मुख्य गुणसूत्राबाहेर असणारा छोटा, बहुधा गोल डीएनए), ‘बीआर’ म्हणजे तो तयार करणारे बोलिव्हार आणि रॉड्रिगेझ, आणि ३२२ हा त्यांच्या कामातला निव्वळ ओळखक्रमांक. बरेच जण ३२२ ही लांबी समजतात, पण ती ४,३६१ बेसजोड्या (डीएनएची लांबी मोजायचं एकक) आहे. त्याच घराण्यात पीबीआर३२५, पीबीआर३२७ हेही आहेत.

नाव देण्याची ही पद्धत १९७६ साली ठरली. प्लाझ्मिड हा शब्द जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्येच दिला होता, पुढे १९५८ मध्ये जाकोब आणि वोलमन यांनी ‘एपिसोम’ (गुणसूत्रात सामावूही शकणारा असा डीएनए) हा शब्द आणला आणि काही वर्षं दोन्हींची सरमिसळ चालली. शिवाय जो तो आपापल्या प्लाझ्मिडला मनाला येईल ते नाव देई, मग एकच नाव दोन वेगळ्या गोष्टींना चिकटायचं. म्हणून नोविक, कोहेन, नाओमी दत्ता, फाल्को वगैरे संशोधक मंडळींनी एक प्रस्ताव छापला: आधी लहान लिपीतला इंग्रजी ‘पी’ (p), मग मोठ्या लिपीत संशोधकाची किंवा प्रयोगशाळेची आद्याक्षरं, मग क्रमांक. स्टॅनफर्डमध्ये एस्थर लेडरबर्ग यांच्या केंद्रात नावांची नोंदही ठेवली जाई. माझ्या मते हे कंटाळवाणं नोंदणीचं कामच जास्त मोलाचं ठरलं.

एक लक्षात ठेवा: हा नियम म्हणजे कायदा नव्हे. एफ, कोलई१, आरपी४ ही प्लाझ्मिडांची जुनी नावं तशीच राहिली. पीयूसी१९ या दुसऱ्या प्लाझ्मिडमधला ‘यूसी’ही माणसांचा नाही, कॅलिफोर्निया विद्यापीठाचा आहे.