दारू घरच्या घरी, फोनवरून सोडवता येईल का?

"मॅडम, त्यांना कुठं भरती करायचं नाही. चार लोकांत नाव जाईल. तुम्ही फोनवर सांगाल तसं घरीच करू."

मी व्यसनमुक्तीचं समुपदेशन करते. आषाढ सरत आला की असे फोन वाढतात. गटारीला शेवटची, श्रावण लागला की बंद, हा बेत घरोघरी ठरलेला. पुष्कळांना तो जमतोही. पण सकाळी हात थरथरतात म्हणून ज्याला घ्यावीच लागते, त्याच्यासाठी हाच बेत धोक्याचा.

वरचा फोन करणाऱ्या या ताई तालुक्याच्या गावातल्या (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). नवरा टेम्पो चालवतो, वय चाळिशीचं. पहिल्या फोनवर मी दारूचं आधी काढतच नाही. "आत्ता कुठं आहात? जवळ कोण आहे? मोकळं बोलता येतंय का, हो की नाही एवढंच सांगा." त्या कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीवर आल्या होत्या. मग ठरलं की कुणी वर आलं, तर त्यांनी बचत गटाच्या मीटिंगचं विचारायचं, मी तोच विषय पुढं चालवायचा. फोन कटला तर मी परत लावायचा नाही, त्यांनीच लावायचा, कारण तो उचलेल कोण हे मला कळणार नाही. घराचा पूर्ण पत्ता, जवळचं सरकारी रुग्णालय, दिराचा नंबर, रात्री गाडी कुणाची मिळेल, सगळं लिहून घेतलं. ताई वैतागल्या. "एवढी चौकशी कशाला?" समोरच्या खुर्चीतला माणूस कोसळला तर मी धावून तरी जाईन, फोनवर माझ्या हाताशी एवढंच असतं.

पितात किती? "संध्याकाळी थोडी." खोदून विचारल्यावर निघालं, रोज देशीच्या तीन क्वार्टर, पहिली सकाळी चहाआधी. आणि गेल्या श्रावणात? दुसऱ्याच रात्री दातखीळ बसली, अंग ताठ झालं, कांदा हुंगवला, मग देवऋषाकडे नेलं.

इथं माझं उत्तर ठरलं. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली, की साधारण सहा ते बारा तासांत घाम, मळमळ, थरथर सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत काहींना भिंतीवर किडे दिसतात, दिवस की रात्र ते कळेनासं होतं, आणि हे जिवावर बेतू शकतं. आधी फिट येऊन गेलेल्याला पुन्हा येण्याचा धोका जास्त. म्हणून सुरुवात घरी नाही, रुग्णालयात. आणि खाट मिळेपर्यंत दारू एकदम बंद करायची नाही. व्यसन सोडवणारी बाईच असं सांगते म्हणून ताई क्षणभर गप्प झाल्या.

मग दबक्या आवाजात त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पावडरीचं विचारलं. भाजीत कालवायची, त्यांना कळणारही नाही म्हणे. मला या पावडरींचा मनस्वी राग आहे. त्यात काय असतं याचा पत्ता नसतो. डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवण्यासाठी देतात ते औषध, असेल तर त्यावर दारू पोटात गेल्यावर छातीत धडधड, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. ते औषध डॉक्टर देतात ते पिणाऱ्याला सगळं समजावून, त्याच्या संमतीनं.

भावोजींशी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याशी, मी वेगळं बोलले. नावाची भीती त्यांनाही होतीच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलाय हे सांगितलं, पण ते राजी झाले ते फिटच्या भीतीनं. जिल्हा रुग्णालयात भरती झाले. बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, हळूहळू कमी करत नेलेल्या गोळ्या, हे डॉक्टरांनी पाहिलं.

फोनचं खरं काम त्यानंतरचं. तलफ येते संध्याकाळी सातला, गुत्त्यासमोरून घरी येताना. तेव्हा कुठलं समुपदेशन केंद्र उघडं असतं? आम्ही नेमका सातचा व्हिडिओ कॉल ठेवला. दिवसाची मजुरी बुडत नाही, एसटीचं भाडं लागत नाही. एकदा ते टेम्पो चालवता चालवताच बोलायला लागले, तेव्हा मी कॉल बंद केला. गाडी कडेला लावून, इअरफोन घालून, मगच. गोळ्यांची पाकिटं ताईंकडे असत, स्ट्रिप कॅमेऱ्यासमोर धरायची. हळदीच्या एका कार्यक्रमात त्यांनी घेतली आणि दुसऱ्या दिवशी आपणहून सांगितलं. किती, केव्हा, आता हातपाय कसे आहेत हे विचारून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला लावलं.

ताईंसाठी वेगळी वेळ ठेवली, गच्चीवरचीच. त्यांची झोप उडालेली होती आणि त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं.

दोघांच्या फोनमध्ये माझ्या नंबराआधी काही नंबर घातलेत. फिट, भ्रम किंवा बेशुद्धी असेल तर १०८. घरात मारहाण झाली तर ११२. मरणाचे विचार आले किंवा रात्री-अपरात्री मन सैरभैर झालं तर टेलि-मानसचा १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. व्यसनाबद्दल विचारायचं तर १४४४६.

भावोजींना आता महिन्यातून एकच कॉल हवाय. गणपती विसर्जनाची मिरवणूक पार पडेपर्यंत तो आठवड्यालाच राहील, असं मी कळवलंय. ते थोडे नाराज आहेत.