हार्डवेअर की सॉफ्टवेअर? आधी एकच प्रोजेक्ट पूर्ण कर

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हा निर्णय घ्यायची घाई नको. ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) घेतलं म्हणून सॉफ्टवेअरचं दार बंद होत नाही, आणि कॉम्प्युटरवाल्यांना सोल्डरिंग वर्ज्य नाही.

एक ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर), ब्रेडबोर्ड (सोल्डरिंगशिवाय सर्किट जोडायची पट्टी), साधा मल्टिमीटर आणि एचसी-एसआर०४ सेन्सर (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा) घे. टाकीतल्या पाण्याची पातळी मोज आणि ती मोबाईलच्या ब्राउझरवर दाखव. यात दोन्ही बाजू येतात. रीडिंग चुकल्यावर तुझा हात आधी मल्टिमीटरकडे जातो की कोडकडे, ते बघ. आवड तिथेच कळते; पॅकेजचे आकडे वाचून नाही.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- हा सेन्सर ५ व्होल्टवर चालवला की त्याची एको पिनही (रीडिंगचा सिग्नल देणारी) ५ व्होल्ट देते. ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या, त्यामुळे पिन जळू शकते. एको आणि बोर्डची पिन यांच्यामध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर, बोर्डची पिन आणि ग्राउंड यांच्यामध्ये २ किलोओहमचा लाव.
- सेन्सरला वेगळा सप्लाय दिला आणि त्याचं ग्राउंड बोर्डच्या ग्राउंडला जोडलंच नाही, तर रीडिंग वेडीवाकडी येणार. अशा वेळी लोक रात्रभर कोड तपासत बसतात!
- एकाच सत्रात पायथन, जावा आणि वेब. आधी सी ही भाषा घे. अ‍ॅरे, पॉइंटर आणि बिट ऑपरेशन पक्के झाले की बाकीच्या भाषा पटकन येतात.
- तयार कोड चिकटवणं. चिकटवलास तर निदान प्रत्येक ओळ काढून काय बिघडतं ते बघ.

पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) डिझाइन, एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं ठरवता येणारी चिप), आरटीओएस (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) सध्या बाजूला ठेव. टाकी आधी चालू दे, मग विचार.