साडेचार वर्षांच्या मुलीला घरच्या घरी मराठी वाचायला कसं शिकवायचं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेचार वर्षांची आहे, तिच्या आवडीचं गोष्टीचं पुस्तक घडाघडा वाचते, पण नवीन पुस्तक पुढे ठेवलं की गप्प बसते. मग बाराखडी पाठ करून घ्यावी का, एखादं ॲप लावावं का, आणि इंग्रजी सोबतच सुरू करावं का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी तुमच्या ‘घडाघडा’ या शब्दावरच अडकले. हाच शब्द नऊ वर्षांपूर्वी आमच्या घरात बोलला गेला आणि त्यावरून जे ऐकून घ्यावं लागलं ते मी अजून विसरलेले नाही. म्हणून आधी ते सांगते.

आमचं घर हर्णैला, बंदराला लागून. घरची बोट, नवराच तांडेल, म्हणजे बोट चालवणारा. पोरगा तेव्हा चार वर्षांचा. संध्याकाळी लिलावाच्या वेळी मी त्याला घेऊन बंदरावर जायची. आमच्याकडे मोठ्या बोटी किनाऱ्याला लागत नाहीत, बाहेर नांगरून राहतात, मासळी आणायला बैलगाड्या पाण्यात शिरतात. आपली बोट येईपर्यंत तासभर तरी थांबावं लागतं. तेवढा वेळ पोराला काहीतरी हवं म्हणून मी त्याला बोटींची नावं वाचून दाखवायची. थंडी सरेपर्यंत त्याला वीसेक नावं यायला लागली. दर्यासागर, धनलक्ष्मी, एकवीरा, सगळी. बोट अजून लांब असतानाच तो नाव सांगून मोकळा व्हायचा. तिथेच मला कळायला हवं होतं, कारण तेवढ्या अंतरावरून मलाही अक्षर दिसत नव्हतं.

शिमग्याला मोठे भाऊजी मुंबईहून आले. ते शिक्षक. त्यांना मी कौतुकाने बंदरावर नेलं. पोराने एकामागून एक नावं सांगितली. भाऊजींनी त्याला खांद्यावर घेतलं आणि पालखी घरी आली तेव्हा जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, “चार वर्षांचं पोर आहे, पण घडाघडा वाचतं.” मी बारावीपर्यंत शिकलेली. त्यांच्या तोंडून ते ऐकून मला किती बरं वाटलं ते आजही आठवतं.

मग १ जूनला मासेमारी बंद झाली. ३१ जुलैपर्यंत बोटी नुसत्या उभ्या असतात. आमच्याकडच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन शाकारतात आणि जुलै संपत आला की वरचे झावळ्यांचे झाप काढून रंगकाम सुरू होतं. आमची बोट ‘गिरिजा’, नवऱ्याच्या आजीच्या नावाची. आधी निळी होती, नाव पिवळ्या अक्षरात. त्या वर्षी हिरवी केली. एका अंगाला पांढऱ्यात नाव लिहून झालं होतं. मी पोराला घेऊन गेले आणि विचारलं, ही कुठली?

“दर्यासागर.”

मला वाटलं मस्करी करतोय. पुन्हा विचारलं. पुन्हा दर्यासागर. दर्यासागर हिरवी होती. मी नावावर बोट ठेवलं, म्हटलं, हे वाच. तर तो अक्षरांकडे बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. माझ्या ओठांवरून काय उत्तर निघेल ते शोधत होता. वर्षभर तो रंग वाचत होता, नाळेचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, आकार वाचत होता, माझा चेहरा वाचत होता. एक अक्षरही वाचत नव्हता.

पेंटरकाका दुसऱ्या अंगाला नाव लिहायला बसले होते. त्यांनी हे सगळं ऐकलं होतं. त्यांनी पोराला जवळ बसवून घेतलं. खडू चोळलेली दोरी ताणून टिचकी मारली, वर एक रेघ, खाली एक रेघ. मग खडूने अक्षरं काढायला लागले. शिरोरेघ त्यांनी शेवटपर्यंत मारली नाही, त्यामुळे प्रत्येक तुकडा सुटा दिसत होता. पहिल्यांदा वेलांटीची काठी काढली, ग नंतर. पोराने विचारलं, ही काठी कुणाची? ते म्हणाले, “गची. आदी काढायची, मागनं बोलायची.” मग दुसरी काठी, मग र. पोरगा म्हणाला, “ही रची, मागनं बोलायची.” मग ज, त्याच्यापुढे काना. सगळ्यात शेवटी वरून एक लांब शिरोरेघ ओढली आणि काका म्हणाले, आता बोल. तो एकेक अक्षराला थांबत म्हणाला, “गि... रि... जा.” आणि मग माझ्याकडे वळून, “आजीचं नाव आहे!”

ते त्याचं पहिलं वाचन. पोराला किंवा मला जे दहा महिन्यांत जमलं नाही ते त्या अर्ध्या तासात झालं, कारण शब्द आतून कसा जोडलेला असतो हे त्याने पहिल्यांदा पाहिलं.

तुमच्या मुलीचंही तेच चाललंय असं मला खात्रीने वाटतं. पुस्तक तिला पाठ आहे. त्यात वाईट काही नाही, गोष्ट पाठ होईपर्यंत ऐकली तर पुढे वाचायला त्याचा उपयोगच होतो. पण त्याला वाचन समजू नका. तपासायचं असेल तर एका कागदावर ‘कान’ लिहा, दुसऱ्यावर ‘नाक’. अक्षरं तीच, फक्त जागा बदललेल्या. ‘सात’ आणि ‘तास’ तसेच. चित्र काढू नका आणि ती वाचत असताना तुमचं तोंड तिला दिसू देऊ नका, मागे बसा.

त्या दिवशी रात्री मी माझ्या आईला फोन केला. माझं माहेर बोर्डीजवळचं, आई अंगणवाडीत होती. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला लहान मुलांचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, १९५७ला ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पोरं शाळेत येईनात तर शाळाच कुरणात नेली, आणि शिंपले, पानं, गोटे हेच शिकवायचं सामान. त्या भागातल्या अंगणवाडीच्या बायकांना हे घरचंच. आई म्हणाली, “अक्षर नंतर. आधी त्याचा कान तयार कर.”

मग आम्ही मासळीचा खेळ सुरू केला. ‘ब’ने सुरू होणारी मासळी सांग. बांगडा, बोंबील, बोय. ‘स’ने? सुरमई, सौंदाळा, सरंगा. मग उलटं, पापलेटच्या शेवटी काय ऐकू येतं? ट. हे त्याला जमायला पंधरा दिवस लागले आणि त्या पंधरा दिवसांत मी कागद-पेन्सिल बाहेर काढली नाही. मग सातच अक्षरं घेतली: म, स, न, क, र, त, ळ. आणि सोबत फक्त काना. एवढ्यात मासा, कान, नाक, तारा, ताक, रात, कमळ, नारळ असे किती शब्द होतात बघा. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, ओल्या वाळूत मी अक्षर काढायची, तो त्यावरून बोट फिरवायचा, तोंडाने आवाज काढायचा. घ आणि ध, भ आणि म, असली जुळी भावंडं एकाच आठवड्यात काढली नाहीत. ‘जाळं’ आणि ‘जेटी’ हे दोन ज सारखे दिसतात आणि वेगळे ऐकू येतात, ‘चूल’ आणि ‘चिंबोरी’चे च तसेच. त्याने विचारलं तेव्हा सांगितलं, हो, एकाच अक्षराचे दोन आवाज आहेत. पोरांना खरं सांगितलं की ती स्वीकारतात.

गणपती येईपर्यंत काना, दोन्ही वेलांट्या आणि पंधराएक अक्षरं झाली. गणपतीला भाऊजी आले. आरती झाल्यावर सगळ्यांसमोर त्यांनी पोराला मांडीवर घेतलं आणि पुस्तक उघडलं. पोरगा बोट ठेवून वाचायला लागला. “ना... नारळ. पा... णी. पाणी.” एक ओळ वाचायला दोन मिनिटं. भाऊजींनी पुस्तक मिटलं. म्हणाले, “शिमग्याला घडाघडा वाचत होता, आता अडखळतोय. सहा महिन्यांत तू पोराचं काय केलंस? हे असले खेळ बंद कर, बाराखडी पाठ करून घे, रोज दहा वेळा.” घर पाहुण्यांनी भरलेलं. मी काही बोलले नाही. पोराने पुस्तक पाटाखाली सरकवलं आणि विसर्जनापर्यंत त्याने काही वाचलं नाही.

जे तेव्हा बोलले नाही ते आता लिहिते. भाऊजी, शिमग्याला तो वाचत नव्हता. गणपतीला वाचत होता. अडखळणं हेच वाचन होतं. ज्या पोराने आयुष्यात कधी न पाहिलेली ओळ स्वतः फोडून जोडली, त्याला तुम्ही चुकलास म्हणालात, आणि ज्याने रंग ओळखला त्याला खांद्यावर घेतलंत. तुम्हाला वेग ऐकू आला, वाचन ऐकू आलं नाही.

आणि बाराखडीचं. भाऊजी गेल्यावर मी आठवडाभर त्यांचं ऐकून पाहिलं. रोज दहा वेळा. ‘म ला काना मा, स ला काना सा.’ त्यानंतर पोरगा ‘मासा’ हा शब्द बघून म्हणायला लागला, “मलाकाना मा सलाकाना सा.” मध्ये येऊन बसलेल्या त्या ‘लाकाना’मुळे त्याला मासा ऐकूच येईना. आधी जो शब्द सहज जोडत होता तो तुटला. मी पाठांतर बंद केलं आणि परत वाळूत गेले. माझं स्पष्ट मत आहे, सुरुवातीला काना-मात्रा-वेलांटीची नावंसुद्धा घेऊ नका. ‘मा’ दाखवा आणि ‘मा’ म्हणा.

बाराखडी वाईट नाही, हेही सांगायला हवं. पोराला वाचता यायला लागल्यावर अक्षरांची सगळी कुटुंबं एका रांगेत बघायला तिचा फार उपयोग होतो. आम्ही पहिलीच्या वर्षात ती केली, ॲ आणि ऑ घेऊन चौदाखडीच केली, कारण ट्रॉलर, फॅक्टरी हे शब्द आमच्याकडे रोजचे. पण ती आधी नाही. जोडाक्षरांना मात्र घाबरू नका. बोटीवर ‘श्री’ आणि ‘प्रसन्न’ आधीपासून लिहिलेलं असतं, ते तो सहज शिकला. रफार कळल्यावर एक दिवस आपणहून म्हणाला, दर्या म्हणजे आपला समुद्र आणि दऱ्या म्हणजे दापोलीहून खाली येताना दिसतात त्या, र वेगळा आहे. तेव्हा तो साडेसहा वर्षांचा होता.

तुमच्या बाकीच्या प्रश्नांकडे येते. ॲप आम्ही लावलं नाही. एक अडचण माझ्या भाचीच्या बाबतीत पाहिली ती सांगते: बऱ्याच फोनमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात पाकळ्यांचा ल आणि वेगळा श असतो. मोठ्यांच्या लक्षात येत नाही, पण नवशिक्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. त्यापेक्षा जुन्या लग्नपत्रिकेची अक्षरं कापा.

रोज पंधरा मिनिटं पुरतात. ती अडखळली तर शब्द सांगायची घाई करू नका, मनात दहा आकडे मोजा. पाहुण्यांसमोर वाचून दाखव असं कधीच म्हणू नका. आणि घरात कुणी मोठं माणूस टोकेल तेव्हा मी गप्प बसले तशा बसू नका, तिथल्या तिथे, पोरीला ऐकू जाईल असं सांगा की ती बरोबर वाचतेय.

एक गोष्ट मात्र आहे. मी एकाच पोराला शिकवलंय. साडेचार वर्षांच्या सगळ्याच मुलांची तयारी नसते, तिला नको असेल तर वर्षभर नुसत्या गोष्टी वाचून दाखवा, काही बिघडत नाही. पण दुसरीत गेल्यावरही अक्षरं सारखी उलटसुलट होत असतील, आवाज जोडताच येत नसतील, तर घरचे उपाय करत बसू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग शिकण्याच्या अडचणी तपासणाऱ्या माणसाकडे न्या. आळशी म्हणून मारू नका.

इंग्रजीचं म्हणाल तर आम्ही दोन्ही एकदम केलं नाही. बोटीवर नाव मराठीत आणि नोंदणीचा नंबर इंग्रजी अक्षरांत असतो. पहिली संपत आली तेव्हा पोराने त्या नंबरावर बोट ठेवून विचारलं, ही अक्षरं कुणाची. त्या दिवशी सुरू केलं.